टाकी फुल, काटा पाऊण: फ्लोट बदलूनही परत येणारा बिघाड

चिपळूणचे एक निवृत्त गुरुजी कुंभार्ली घाट चढून कराडला माझ्याकडे आले. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी खिशातून पावती काढली. "मिस्त्री, आत्ता पाटणला टाकी फुल केलीय. पंपवाल्यानं तोंडापर्यंत भरलीय. आता काटा बघा."

काटा पाऊण टाकीवर होता.

पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक. तक्रार तिसऱ्या पावसाळ्यातली. टाकीत पाव भाग पेट्रोल असतानाच रिझर्व्हचा दिवा लागतो, अर्धी टाकी असली की काटा पावाच्याही खाली बसतो. दोन वर्षांत दुसरीकडे दोनदा टाकीतला फ्लोट, म्हणजे पातळी मोजणारा तरंगता भाग, बदलून झाला होता, तोही टाकीतल्या पंपासकट अख्खं मॉड्यूल. दोन्ही वेळा काटा सरळ झाला, गुरुजी खूश झाले आणि दीड-दोन महिन्यांत परत तेच. जुने दोन्ही फ्लोट त्यांनी डिकीत फडक्यात गुंडाळून ठेवले होते. मास्तरच ते, पुरावा टाकतील कसे.

"तिसरा आणू का?" त्यांनी विचारलं.

दोनदा बदललेली वस्तू तिसऱ्यांदा बदलायची असेल, तर आधी मल्टिमीटर बाहेर काढायचा, एवढा एक नियम मी पाळतो. काट्याची तक्रार आली की बहुतेक ठिकाणी पहिला हात मागच्या सीटखाली जातो, कारण फ्लोट बदलणं सोपं आहे आणि बिल दाखवता येतं. पण फ्लोट हा त्या सर्किटचा एक तुकडा आहे. डॅशबोर्डमधला मीटर, वायर, कपलर (वायरी जोडणारा प्लग), पिना, अर्थिंग (करंटची बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट) हे सगळं त्याच रांगेत उभं असतं.

मी गुरुजींना विचारलं, "इंजिन बंद असताना, नुसती चावी दिल्यावर काटा कुठं असतो?"

त्यांना माहीत नव्हतं. कुणी कधी विचारलंच नव्हतं. गाडी दहा मिनिटं बंद ठेवली, मग नुसती चावी फिरवली. काटा चढत चढत फुलच्या रेषेवर गेला. इंजिन चालू केलं. काही झालं नाही. मिनिटभरानंतर काटा खाली सरकायला लागला आणि पाऊण टाकीवर येऊन थांबला. इंजिन बंद करून पुन्हा चावी दिली, परत फुल. पेट्रोल तेवढंच, गाडी सपाटीवर उभी, फरक एवढाच की इंजिन चालू असताना टाकीतला पंपही चालू होता. निदान इथंच निम्मं झालं होतं. उरलेलं निम्मं समजायला सर्किट डोक्यात असावं लागतं.

काट्यापर्यंत निरोप कसा पोचतो

टाकीत एक तरंगणारा तुकडा असतो, त्याला तारेचा दांडा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला चिमुकले धातूचे बोट असते, ते सिरॅमिकच्या पट्टीवर पुढे-मागे घासतं. पट्टीवर रेझिस्टन्सचा, म्हणजे करंटला अडवणारा, थर छापलेला असतो. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. पेट्रोलची पातळी बदलली की दांडा हलतो आणि रेझिस्टन्स बदलतो. टाकीतलं काम इथंच संपलं.

मीटर काय करतो? एका ठरलेल्या रेझिस्टरमधून त्या वायरवर ५ व्होल्ट सोडतो आणि वायरवर प्रत्यक्ष किती व्होल्ट उरले ते वाचतो. फ्लोटचा रेझिस्टन्स कमी तर व्होल्ट कमी, जास्त तर जास्त. कपलर काढला, तर पूर्ण ५. वायर बॉडीला टेकली, तर शून्य. हे वाचन काही गाड्यांत थेट मीटर करतो, काहींत दुसरा कंट्रोल युनिट करतो आणि आकडा डेटा लाइनवरून मीटरला कळवतो.

गुरुजींच्या गाडीत टाकी फुल असताना फ्लोट १५ ओहम, रिकामी असताना २४०. मीटरच्या आतला रेझिस्टर किती, हे पुस्तक नसलं तरी काढता येतं. कपलर काढून सिग्नलच्या वायरवर आधी ५ व्होल्ट बघितले, मग तिथून अर्थला १०० ओहमचा रेझिस्टर लावला, तर १.१६ व्होल्ट राहिले. हिशेब केला की आतला रेझिस्टर ३३० ओहमचा. आता पूर्ण नकाशा हातात आला: टाकी फुल तर ०.२२ व्होल्ट, अर्धी तर १.३९, रिकामी तर २.१.

हे आकडे सगळ्या गाड्यांना लावू नका. जुन्या युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० ओहम आणि फुलला १८० अशी उलटी गंगा असते. अमेरिकन पद्धतीत रिकामीला २४० आणि फुलला ३३. आपल्या गाडीत दिशा कुठली, हे कळल्याशिवाय पुढचं एकही वाचन कामाचं नाही. कळायला एक मिनिट लागतं: कपलर काढा, चावी द्या, काटा कुठल्या टोकाला जातो ते बघा. उघड्या सर्किटला रेझिस्टन्स अमर्याद असतो, त्यामुळे काटा ज्या टोकाला गेला तिकडे जास्त ओहम. काही नव्या गाड्या मात्र कपलर काढलेला ओळखतात आणि काहीही असलं तरी काटा शून्यावर पाडून बिघाडाचा कोड टाकतात. तिथं सिग्नल आणि अर्थच्या मध्ये हातातला १०० ओहमचा रेझिस्टर लावून बघावा. काटा मधे कुठंतरी येऊन थांबला, तर मीटर आणि तिथपर्यंतची वायर शाबूत.

सरळ तार जोडून सिग्नल अर्थ करायची जुनी मिस्त्री पद्धत मी सोडली. बहुतेक मीटर ती सोसतात. एखादा सोसत नाही, आणि मीटर फ्लोटपेक्षा महाग पडतो.

०.१४ ओहमने पाव टाकी कशी खाल्ली

गुरुजींच्या गाडीत मॉड्यूलच्या कपलरला तीनच वायरी होत्या. एक पंपाचा करंट, एक फ्लोटचा सिग्नल आणि एक अर्थ, तो पंप आणि फ्लोट दोघांचा मिळून. चार वायरींच्या गाडीत फ्लोटचा अर्थ वेगळा असतो आणि तिथं गोष्टच वेगळी. म्हणून सीट उचलल्यावर आधी वायरी मोजा.

वायरभोवती लावून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला, पंप ५ अँपिअर घेत होता. फ्लोटच्या सर्किटमधून जातो तो करंट १५ मिलिअँपिअरच्या आत. दोघांची परतीची वाट एकच. त्या वाटेत ०.१४ ओहमचा अडथळा आला की फ्लोटच्या करंटला तो जाणवतही नाही, पण पंपाचे ५ अँपिअर तिथून जाताना ०.७ व्होल्ट उभे करतात. फ्लोटचा पाय जमिनीवर असायला हवा होता, तो ०.७ व्होल्टच्या पाटावर चढून बसला. डॅशबोर्डमधला मीटर आपल्या स्वतःच्या अर्थवरून मोजतो, त्याला हा पाट दिसत नाही. त्याला फक्त एवढंच दिसतं की सिग्नलच्या वायरवर ०.२२ ऐवजी ०.८९ व्होल्ट आहेत. ०.८९ म्हणजे त्याच्या हिशेबानं ७१ ओहम, आणि ७१ ओहम म्हणजे पाऊण टाकी.

अर्ध्या टाकीला हाच हिशेब केला तर १.३९ चे १.९ व्होल्ट होतात, काटा जेमतेम १७ टक्के दाखवतो. पाव टाकी असेल तर आकडा रिकाम्याच्याही पुढे जातो आणि रिझर्व्हचा दिवा लागतो. गुरुजी तीन पावसाळे नेमकं हेच सांगत होते. टाकी जितकी रिकामी तितकी चूक मोठी. फ्लोटचा तुकडा जड झाला किंवा दांडा वाकला, तर चूक साधारण सगळीकडे सारखी असते, तेव्हा गिऱ्हाइकाचं वर्णन नीट ऐकलं तर तिथंच वाट फुटते.

मग आधीच्या कारागिरांना हे का सापडलं नाही? त्यांनी अर्थ तपासला असणार. मल्टिमीटर ओहमवर ठेवला, कपलरच्या अर्थ पिनेपासून बॉडीपर्यंत मोजलं, ०.३ आलं, बझर वाजला, "अर्थ ओके." पण मल्टिमीटरच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या तरी त्यांचे स्वतःचेच ०.२-०.३ ओहम येतात. त्यात ०.१४ कुठं दिसणार? बारीक अडथळा ओहमवर सापडत नाही. त्याच्यातून करंट वाहू द्यायचा आणि त्याच्या दोन टोकांना व्होल्ट मोजायचे, हा एकच मार्ग.

मोजताना

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. काळी तार थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, त्यासाठी माझ्याकडे पाच मीटरची वायर दोन्ही टोकांना क्लिप लावून ठेवलेली आहे. लाल तारेला बारीक पिन, ती कपलर न काढता मागच्या बाजूनं अर्थच्या वायरीलगत आत सरकवली. वायरचं आवरण टोचायचं नाही, पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी नवा बिघाड तयार.

पण पहिली पिन मी हार्नेसच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या, बाजूला लावली आणि फसलो. इंजिन चालू, ०.०५ व्होल्ट. चांगला अर्थ. पाच मिनिटं मी सुद्धा डॅशबोर्डमधल्या मीटरवर संशय घेत बसलो होतो. मग लक्षात आलं की कपलरच्या आतला जोड तर मोजलाच नाही. दुसरी पिन मॉड्यूलच्या बाजूनं, जोडाच्या पलीकडे, लावली: ०.७१. म्हणजे ०.६६ व्होल्ट नुसत्या त्या एका पिनेच्या जोडात अडकले होते.

कपलर काढून भिंगाखाली धरला. मॉड्यूलच्या बाजूची नर पिन चकचकीत, नवीच होती ती. हार्नेसच्या बाजूची मादी पिन तपकिरी पडलेली, तिचे ओठ सैल झालेले, आत हिरवा कळंक. बाजूचं प्लॅस्टिकही उष्णतेनं किंचित पिवळं. दोनदा मॉड्यूल बदलल्यानं नर पिन दोनदा नवी झाली, मादी पिनेला कुणी हात लावला नव्हता. आणि दोन्ही वेळा काटा दीड-दोन महिने सुधारला, तोही याचमुळे: कपलर काढता-घालताना कळंक खरवडला गेला, जोड थोडे दिवस बरा झाला. सगळ्यांना वाटलं, फ्लोटनं काम केलं.

"गाडी कधी पाण्यात होती का?" मी विचारलं.

गुरुजी थोडे गप्प झाले. "एकवीसचा पूर."

२२ जुलै २०२१. चिपळूणच्या माणसाला ती तारीख सांगावी लागत नाही. पाणी सीटच्या वर गेलं होतं. गाडी नंतर धुऊन, वाळवून, इंजिन उघडून नीट केली होती. मागच्या सीटखालच्या कपलरात राहिलेला गाळाचा ओलावा कुणाच्या डोळ्यांना दिसणार? पुरात बुडालेली गाडी चालू झाली म्हणजे बरी झाली असं नसतं. विजेच्या तक्रारी वर्ष-दोन वर्षांनी, एकेक करून, बाहेर येतात. कोकणातल्या, सांगली-कोल्हापूरच्या पूरपट्ट्यातल्या गाड्यांना हे प्रकरण लागू आहे. जुनी गाडी तिकडची घेत असाल तर मागची सीट उचलून कपलर एकदा बघाच.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. मादी पिन मिळाली तर ती बदलायची, नाहीतर जुळता कपलर वायरींच्या शेपटीसकट आणायचा. मी शेपटीवाला लावला. जोड क्रिंप करून (पक्कडीनं दाबून), वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक नळी. पिनांना ओलावा रोखणाऱ्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा नखभर थर. सिलिकॉनचा सीलंट कपलरात भरू नका. आंबट वास येणारा जो असतो, तो सुकताना ॲसिड सोडतो आणि पिना आणखी खातो. जोडून परत मोजलं, इंजिन चालू, ०.०६ व्होल्ट. अशा अर्थला ०.१ च्या आत असलं की मी बोनेट लावतो.

स्कॅनर असेल तर

स्कॅनर गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचतो. कोड ही वाट दाखवणारी पाटी आहे, पत्ता नाही. पी०४६० म्हणजे या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच. पी०४६१ म्हणजे गाडी बरीच चालली तरी पातळी अपेक्षेप्रमाणे बदलली नाही. दांडा अडकलेला असला की हा येतो. पी०४६२ म्हणजे सिग्नलचे व्होल्ट फार खाली, वायर कुठंतरी बॉडीला टेकलेली. पी०४६३ म्हणजे व्होल्ट फार वर, कपलर सुटलेला किंवा वायर तुटलेली. पी०४६४ म्हणजे मधूनच येणारा-जाणारा दोष, कारागिराचा खरा वैरी. गुरुजींच्या गाडीत एकही कोड नव्हता. ०.८९ व्होल्ट हा मीटरच्या दृष्टीनं अगदी सज्जन आकडा, त्यात तक्रार करण्यासारखं काय? कोड नाही म्हणून बिघाड नाही, असं गिऱ्हाइकाला ऐकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कोडपेक्षा लाइव्ह डेटा उपयोगाचा. गाडीच्या स्कॅनर सॉकेटला लावायचा स्वस्तातला ईएलएम३२७ डोंगल आणि फोन असला तरी पीआयडी २एफ या नोंदीत टाकीतली पातळी टक्क्यांत दिसते. काही गाड्या तो आकडा देत नाहीत, देत असेल तर काट्याशी ताडून बघा. स्कॅनर ९५ टक्के म्हणतो आणि काटा अर्ध्यावर, तर टाकीकडे बघायची गरज नाही, काट्याची मोटर किंवा मीटरचं बोर्ड बिघडलंय. दोघंही चुकीचं आणि एकसारखं सांगत असतील, तर बिघाड मीटरच्या मागे, टाकीच्या वाटेवर.

अमेरिकेत गाडी वापरणाऱ्या मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. तिथं टाकीतल्या वाफेची गळती तपासणारी चाचणी गाडी स्वतःच करते आणि ती बहुधा टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असतानाच सुरू होते. फ्लोट चुकीची पातळी सांगत असेल तर ती चाचणी पूर्णच होत नाही आणि उत्सर्जन तपासणीला गाडी अडकते. काट्याकडे दुर्लक्ष केलं तरी ते तिथं बाहेर येतं.

फ्लोट खरंच दोषी असतो तेव्हा

असतो, अनेकदा असतो. त्याची खूण म्हणजे जागा. काटा ठरावीक एका पट्ट्यातच नाचतो, त्याच्या वर-खाली शहाण्यासारखा वागतो. घासून घासून पट्टीचा थर त्या जागी गेलेला असतो. आणि आपल्याकडे हा पट्टा बहुतेक वेळा रिझर्व्ह ते पाव टाकी हाच, कारण आपण टाकी फुल करतो कुठं? पाचशेचं पेट्रोल, परत पाचशेचं. बोट सगळा जन्म त्या खालच्या इंचभर पट्टीवरच फिरतं.

अशा वेळी फ्लोट बाहेर काढून, पेट्रोल पुसून, उघड्या हवेत टाकीपासून लांब नेऊन मोजायचा. मल्टिमीटर ओहमवर, दांडा अगदी सावकाश एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. आकडा पायरी-पायरीनं चढायला हवा. मधेच उडी मारली किंवा सर्किट उघडं दाखवलं की सापडला. डिजिटल मल्टिमीटर आकडा बदलायला वेळ घेतो, त्यात बारीक खड्डा निसटतो. माझ्याकडे अजून काट्याचा जुना मल्टिमीटर आहे तो खास ह्याच कामाला. काटा एकदा थरथरला की डोळ्याला कळतंच.

गंधकाचा त्रासही खरा होता. बोटावर आणि पट्टीवर चांदीचे मिश्रधातू असतात, पेट्रोलमधल्या गंधकानं त्यावर काळा थर चढतो आणि काटा वाह्यात होतो. बीएस-४ च्या इंधनात गंधकाची मर्यादा दहा लाखांत ५० भाग होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती १० झाली. त्यामुळे ही तक्रार आता मुख्यतः जुन्या फ्लोटमध्ये दिसते. टाकीत घालायचं चांगलं क्लीनर अशा वेळी कधी कधी गुण देतं. घासून गेलेल्या पट्टीवर मात्र त्याचा काडीचा उपयोग नाही.

इथेनॉलवर खापर फोडायची सध्या फॅशन आहे. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं, आणि झाकणाचं रबर गेलेली, पावसात उभी राहणारी गाडी असेल तर टाकीच्या तळाशी पाणी जमून फ्लोटच्या पिना गंजतात. पण माझ्या टेबलावर आलेल्या काट्याच्या तक्रारींत कपलर, उंदीर आणि घाईत बसवलेलं मॉड्यूल ही तिघं पुढे आहेत.

उंदरांबद्दल वेगळं लिहायला हवं इतके ते हुशार. ऊबदार जागा शोधत ते मागच्या सीटखाली शिरतात आणि नेमकी बारीक वायर कुरतडतात. तांबं उघडं पडून बॉडीला टेकलं की या प्रकारच्या सर्किटमध्ये काटा कायम फुल. गाडीला नजर लागली की काय म्हणावं असा बिघाड, कारण गिऱ्हाईक खूश असतं आणि एके दिवशी रस्त्यात गाडी बंद पडते. काटा पाच-सहा दिवसांत हललाच नाही तर खूश होऊ नका.

घाईत बसवलेलं मॉड्यूल म्हणजे, "पंप बदलल्यापासून काटा अर्ध्याच्या वर जात नाही." मॉड्यूलवर एक बाणाची खूण असते, ती टाकीवरच्या खुणेशी जुळवायची. थोडं फिरवून बसवलं तर दांडा टाकीच्या आतल्या पडद्याला अडतो. आत घालताना दांडा वाकला तरी हेच. टाकीच्या तळाला दगड लागून पोचा आला असेल तरी दांडा खाली पूर्ण उतरत नाही आणि रिकामी टाकी काट्यावर कधीच रिकामी होत नाही. खाली वाकून एकदा बघायला काय जातं?

आणि काही गोष्टी बिघाडच नसतात. घाटात चढावर काटा खाली आणि उतारावर वर, किंवा काही गाड्यांत उलट, हे पेट्रोल एका बाजूला गेल्यामुळे. मीटर हे हेलकावे मिनिट-दोन मिनिटांच्या सरासरीनं दाबतो म्हणून काटा सावकाश हलतो. इंजिन चालू ठेवून पेट्रोल भरलं, जे भरूच नये, तर याच सरासरीमुळे काटा बराच वेळ जुन्याच जागी राहतो. पहिली अर्धी टाकी हळू आणि दुसरी भरभर उतरते, हे बहुतेक टाकीच्या वेड्यावाकड्या आकारामुळे. जुन्या काही गाड्यांत इंधन आणि तापमान हे दोन्ही काटे ठरावीक व्होल्ट पुरवणाऱ्या एका स्टॅबिलायझरवर चालतात, दोन्ही एकदम वेडे झाले तर फ्लोट सोडा, स्टॅबिलायझर बघा.

टाकी उघडायचीच असेल तर

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, गाडीच्या तळाशी आणि फरशीवर साचते. म्हणून दारं उघडी, टाकी शक्यतो पावाच्या आत, बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला, आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, गोडाऊनमध्ये नको. बॅटरी काढायच्या आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं की लाइनमधला दाब उतरतो, मग नळी काढा. टेस्ट लॅम्प किंवा मोबाइलचा टॉर्च उघड्या टाकीच्या तोंडाशी नेऊ नका. मॉड्यूल टाकीला धरून ठेवणारी लॉक रिंग सोडवायला लोखंडी छिन्नी-हातोडी वापरणारे मी पाहिलेत, पितळी किंवा लाकडी वापरा. सील प्रत्येक वेळी नवं, जुनं फुगलेलं असतं आणि तेच परत बसवलं तर गाडीत वास मारतो. आणि मॉड्यूल काढायच्या आधी वरची धूळ ब्रशनं आणि हवेनं साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत पडते आणि पुढच्या महिन्यात पंपाची जाळी तुंबते.

यातलं काहीही गुरुजींच्या गाडीत करावं लागलं नाही. टाकी उघडलीच नाही.

ते निघायच्या आधी मी डिकीतले दोन्ही जुने फ्लोट मागून घेतले आणि टेबलावर काट्याच्या मल्टिमीटरला लावले. पहिला, गाडीबरोबर आलेला: १५ पासून २४० पर्यंत, मधे कुठं थरथर नाही. दुसरा, वर्षभर वापरलेला: तोही तसाच. गुरुजी माझ्या खांद्यावरून बघत होते. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे दोन्ही चांगले?"

"दोन्ही चांगले."

"मग आता यांचं करू काय?"

दोन्हींतले पंपही चालू स्थितीत होते, म्हणून मी एक त्यांना सुक्या फडक्यात बांधून परत डिकीत ठेवायला दिला. दुसरा ते माझ्याकडेच सोडून गेले. दोन महिन्यांनी, ऐन गणपतीत, त्यांचा फोन आला. मी आधी काट्याचं विचारलं. फुल केली की फुल दाखवतो, म्हणाले. फोन कपलरासाठी नव्हताच. शेजाऱ्याच्या गाडीचा काटा कायम फुल दाखवतो आणि त्याला कुणीतरी फ्लोट बदलायला सांगितलंय, तो डिकीतला देऊ का, असं विचारायला केला होता. मी म्हटलं, "गुरुजी, आधी त्यांना मागची सीट उचलून उंदराच्या लेंड्या आहेत का बघायला सांगा."